मिस फॅरारची मुंबई

मुंबई हे बेट आहे हे आपण शाळेत पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाताना कळव्यापाशी खाडी लागते, तेव्हा आपण मुख्य जमीन सोडून बेटावर चाललोय असं कुणाच्या मनात येतं? पण २९ डिसेंबर १८२७ ला सिंथिया फॅरार नावाच्या बाई बोटीतून उतरल्या, तेव्हा मुंबई खरोखरीचं बेट होतं. ठाण्याच्या खाडीवरचा रेल्वेपूल १८५४ चा. माहीमचा बांध १८४५ चा. शीवकडे एक बांध झालेला होता, बाकी सगळा मामला होड्यांचा. कुलाबा तर मुंबईलाही जोडलेलं नव्हतं, ते झालं १८३८ ला.

बाई ३२ वर्षांच्या. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो नावाच्या खेडेगावच्या. धंद्याने शिक्षिका, लग्न झालेलं नाही. जूनमध्ये बॉस्टनहून निघाल्या, सप्टेंबरात कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथून सगळा दक्षिण हिंदुस्थान समुद्रातून वळसा घालून वर्ष संपता संपता मुंबईला. अमेरिकेतल्या मिशन-बोर्डाने परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित अमेरिकन बाई म्हणून यांचं नाव इतिहासात घेतात. काम काय? तर मुंबईतल्या मुलींच्या शाळा बघायच्या.

थोडं अवांतर. यांच्यावर मराठीत काही वाचायला गेलात तर स्पेलिंगचा घोळ तयार ठेवा. बरेच जण यांना ‘मिस फरार’ लिहितात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी बाई शाळेतून पळून गेली. प्रत्यक्षात या बाईंइतकं एका जागी चिकटून राहिलेलं माणूस त्या मिशनमध्ये शोधावं लागेल. म्हणून मी आपलं फॅरार लिहितो.

आता भोर-वेल्ह्यात वाढलेल्या माणसाचा या बाईंशी संबंध काय? आहे, दोन आहेत. पहिला भूगोलाचा. माझं आजोळ भोर. भोरहून शिरवळला गेलं की नीरा ओलांडून तुम्ही साताऱ्यात, आणि शिरवळपासून जवळच नायगाव. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. ही गोष्ट फिरत फिरत तिथे येणार आहे. दुसरा संबंध शनिवारचा. दीड-एक वर्ष झालं, आम्ही पाच-सहा जण हिंजवडीतून शनिवारी सकाळी निघतो आणि वेल्हे तालुक्यात पानशेतच्या पाण्यामागच्या एका वाडीत जाऊन मुलांना गणित-इंग्रजी शिकवतो. (वेल्ह्याचं नाव राजगड तालुका करायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण एसटीत मागे बसलेला माणूस अजून वेल्हंच म्हणतो.) पुढची गाडी वाटेत बंद पडली की वाडी म्हणजे बेटच. त्यामुळे दूरच्या बेटावर शिकवायला गेलेल्या माणसांचं काय झालं हा प्रश्न मला जरा घरचा वाटतो.

तर मिशन. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, उगाच धर्माच्या भानगडीत व्यापार बसायचा. या दोघांना परत जायचा हुकूम निघाला, ते कोचीनपर्यंत पळाले, पकडून परत आणले गेले. तेवढ्यात १८१३ चा चार्टर कायदा झाला, मिशनऱ्यांना दार उघडलं आणि हे राहिले. ही गोष्ट भन्नाट आहे, पण तिच्यात शिरलो तर सोमवार उजाडेल.

राहिले म्हणजे तरी काय. १८२१ मध्ये न्यूएल कॉलऱ्याने गेले. १८२४ मध्ये निकोल्स, १८२५ मध्ये फ्रॉस्ट, १८२६ मध्ये स्वतः हॉल, त्र्यंबकच्या बाजूला फिरतीवर असताना, पुन्हा कॉलरा. सहा वर्षांत चार माणसं. एवढ्याशा टीममध्ये हा अ‍ॅट्रिशन रेट बघितला तर कुठलाही मॅनेजर प्रोजेक्ट गुंडाळेल. फॅरारबाई निघाल्या त्या हॉलच्या मृत्यूनंतर वर्ष-सव्वा वर्षात. कुठे जातोय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

याच बोर्डाचं दुसरं ठाणं होतं हवाई बेटांवर. चित्रातल्यासारखं लांबचं, उष्ण, नारळीचं बेट म्हणाल तर ते. तिथे १८२३ मध्ये बेट्सी स्टॉक्टन नावाची बाई पोचली. जन्म गुलामगिरीतला, प्रिन्स्टनच्या एका घरात. पुढे सुटका झाली, घरातली पुस्तकं वाचून शिकली, आणि नोव्हेंबर १८२२ मध्ये जहाजात बसून पाच महिन्यांनी हवाईला. माउई बेटावर लाहैना इथे तिने सामान्य रयतेच्या मुलांसाठी शाळा काढली. तीही अविवाहित, तीही त्याच बोर्डाची. मग ‘पहिली’ फॅरार कशी? कारण बेट्सीच्या करारात ती एका मिशनरी कुटुंबाची अर्धी नोकर, अर्धी मिशनरी होती. काळी असल्यामुळे यादीत तिचं नाव पहिल्या ओळीत आलं नाही, असं माझं सरळ मत आहे. ‘पहिला’ आणि ‘पहिली’ हे शब्द दिसले की मी आता आधी करार बघतो.

मुंबईत फॅरारबाईंना कोरी पाटी मिळाली नव्हती. मिशनने मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये सुरू केली होती आणि दोन वर्षांत त्या नऊ झाल्या होत्या. तोवर हे काम मिशनऱ्यांच्या बायका बघत. घर, बाळंतपणं, आजारपणं आणि वर शाळा. नवरा गेला की बहुतेकींना परतीचं जहाज. म्हणूनच बोर्डाला असं कुणी हवं होतं ज्याला फक्त शाळा हेच काम असेल. बाईंना विचारणा झाली ती अगदी ऐनवेळी, आणि त्या निघाल्या.

शाळा म्हणजे इमारत डोळ्यांसमोर आणू नका. भाड्याची खोली नाहीतर कुणाची तरी ओसरी. आणि शिकवत कोण होतं? इथे मला खरा रस आहे. शिकवत होते आपलेच लोक. बहुतेक ब्राह्मण पंतोजी, काही बेने इस्रायली मास्तर. हे बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आपल्याकडचे शनिवार तेली. मिशनच्या शाळांचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला, मुलींसुद्धा धाडल्या. धर्म मात्र बदलला नाही म्हणण्याइतपतच बदलला. पंतोजीचंही तसंच. तो सकाळी स्नानसंध्या करून यायचा, मिशनने छापलेलं पुस्तक मुलींकडून वाचून घ्यायचा आणि घरी जाऊन पुन्हा आंघोळ करत असला तर मला नवल वाटणार नाही. नोकरी ती नोकरी.

म्हणजे बोटीतून उतरलेल्या बाई शिकवत होत्या ते कमी आणि फिरत होत्या जास्त. या शाळेतून त्या शाळेत, हजेरी बघ, मुलींचं वाचन घे, मास्तरला सांभाळ. आजच्या भाषेत सुपरवायझर. त्याआधी मराठी शिकणं आलंच. दोन वर्षांत, १८२९ पर्यंत, पट चारशेच्या वर गेला. ज्या शहरात मुलीला अक्षर आलं की नवरा मरतो असं छातीठोक सांगत, तिथे चारशे. खर्चाला मुंबईतले इंग्रज साहेब लोकही हातभार लावत होते, खुद्द गव्हर्नरसुद्धा. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले, त्यांची बायको मार्गारेट हिनेही मुलींच्या शाळा काढल्या. ती १८३५ मध्ये गेली, चाळिशीही गाठली नाही.

चारशेचा आकडा ऐकून लगेच हुरळून जायचं कारण नाही. डॅशबोर्डवर आकडा हिरवा दिसला म्हणजे सिस्टीम चालते असं नसतं, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न, की शाळा बंद. वाचायला यायला लागतंय तोवर नाव पटावरून जायचं. नवी मुलगी यायची, पुन्हा अ आ इ. चारशे हा सतत गळणाऱ्या रांजणातला पाण्याचा अंदाज.

आता अवघड मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळून हा लेख लिहिणं म्हणजे लबाडी. या बाई कशाला आल्या होत्या? अक्षरओळख करून द्यायला नव्हे. अक्षर हे साधन, बायबल वाचता यावं म्हणून. हेतू धर्मांतराचा, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. लोकांनाही तो माहीत होता. १८३९ मध्ये विल्सनकडच्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि आईबापांनी त्या शाळेतून मुलं भराभर काढून घेतली. त्याच वर्षी अहमदनगरला (आता अहिल्यानगर) हरिपंत खिस्ते यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झाला की वर्ग रिकामे, हे दर वेळचं.

आमच्या ग्रुपात यावर दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, शिक्षण दिलं ना, मग हेतू काही का असेना. दुसरा म्हणतो, आमिष म्हणून दिलेलं शिक्षण हे शिक्षणच नव्हे. मला दोन्ही पटत नाहीत. त्या काळचे पालक भोळे नव्हते. मुलीला शाळेत धाडत होते, अक्षर घेत होते आणि धर्माचा वास जरा जास्त आला की हात धरून घरी आणत होते. घ्यायचं काय आणि सोडायचं काय हे ते ठरवत होते. फॅरारबाईंनी स्वतःच्या हिशेबाने काम मोजलं असेल तर आयुष्याच्या शेवटी हाती फारसं लागलं असं त्यांना वाटलं नसेल. मुंबईतल्या त्या शेकडो मुलींपैकी धर्म बदलणाऱ्या अगदी थोड्या.

वाडीतली गोष्ट इथेच सांगून टाकतो. एका शनिवारी वर्ग संपल्यावर एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची नात आमच्याकडे चौथीचं गणित शिकते. चहा देताना त्या म्हणाल्या, “तुमी किती दिस येनार, दादा?” मी म्हटलं, “आजी, येतोय की.” त्या म्हणाल्या, “येताय ते दिसतंय. किती दिस ते इचारती. मागं बी पोरं आली व्हती, झाडं लावली, फोटू काढलं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस किती दिवस पडेल हे जसं विचारतात तसं विचारलं होतं.

उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण ते माझ्या एकट्याच्या हातात नाही. ग्रुपातला एक जण ऑनसाइट गेला, एकीचं लग्न ठरलं. हे होणारच. आणि सरकारकडूनही वेगळं वारं आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं जे निघालं, त्यात नमुना म्हणून पुढे केलेल्या दोन ठिकाणांपैकी एक आमचंच पानशेत, दुसरं नंदुरबारचं तोरणमाळ. म्हणजे मास्तर बेटावर पाठवण्याऐवजी पोरं बेटावरून गाडीने आणायची. मोठी शाळा, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा... कागदावर सगळं बरोबर आहे. सहा वर्षांची मुलगी जुलैमधल्या पावसात रोज गाडीने जाणार का, आणि गाडी न आली तर तिला न्यायला घरातलं कोण मोकळं असणार, एवढाच प्रश्न उरतो. थोरल्या भावाला धाडतील. तिला धाडतील का, ते मी त्या वाडीपुरतं तरी खात्रीने सांगत नाही.

असो. परत बाईंकडे. दहा वर्षांत तब्येत ढासळली. १८३७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. इथे कुणीही म्हटलं असतं, झालं बाई, पुष्कळ केलंत. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी बेट सोडून घाटावर, नगरला. नगरचं ठाणं मिशनने १८३१ च्या शेवटी उभारलं होतं. ते शक्य झालं त्याला एक कारण रस्त्याचं आहे. खंडाळ्याचा बोरघाट गाड्या जातील असा करून गव्हर्नर माल्कमने नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला. (इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग असं केलंय की निम्मं जग तो भोरचा घाट समजतं. भोरकरांनी या विषयावर शंभर वर्षं दातओठ खाल्लेत.)

नगरलाही तेच काम, मुलींच्या शाळा. तेच चढउतार. आणि मग येतं १८४८ साल.

फॅरारबाई मुंबईत उतरल्या त्या दिवशी पुण्यात जोतीराव फुले साडेआठ महिन्यांचे होते. जन्म ११ एप्रिल १८२७. सावित्रीबाईंचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४७ मध्ये बाहेर पडले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. जोतीराव त्यांच्याकडे गेले आणि तिथे त्यांनी मिस फॅरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. मुली बाकावर बसून वाचतायत हे पाहिलं. बाकं असतील नसतील, पण वाचणाऱ्या मुली होत्या. परत येऊन त्याच वर्षी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली.

नीट बघा, जोतीरावांनी काय उचललं आणि काय नाही. शाळा उचलली. मिशन उचललं नाही. पैसा देशी लोकांकडून आणि सहानुभूती असलेल्या साहेबांकडून, कमिटी स्वतःची, मास्तर स्वतःचे. आणि मास्तर मिळत नाही तर बायकोला मास्तरीण केलं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये आणि नगरला फॅरारबाईंकडे घेतलं असं चरित्रकार सांगतात. म्हणजे बोटीतून उतरलेल्या बाईंना एकवीस वर्षांनी नायगावच्या पाटलाच्या घरची मुलगी भेटली. धर्म शिकायला नाही, वर्ग कसा घ्यायचा ते शिकायला.

शिरवळच्या बाजारात लहानग्या सावित्रीला मिशनऱ्याने पुस्तक दिलं आणि तिने ते सासरी नेलं, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजी मला शिरवळला एसटी थांबली की सांगायची. खरी आहे का? मला ती जरा जास्तच गोड वाटते. नगरची गोष्ट कमी गोड आहे आणि म्हणून मला जास्त आवडते. पुस्तक हातात पडलं आणि चमत्कार झाला असं तिच्यात काही नाही. प्रवास करून जायचं, परक्या भाषेच्या बाईंकडून धडा कसा द्यायचा ते बघून घ्यायचं आणि परत येऊन शेणगोळे झेलत शिकवायचं, असं काम आहे ते.

मुंबईतही तेच चाललं होतं. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स सोसायटी काढली आणि १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यात होते. सुरुवातीला ही पोरं आपलं काम सांभाळून, फावल्या वेळात, फुकट शिकवायची. आपल्या शनिवारवाल्यांचे हेच खरे पूर्वज. पण त्यांनी ते फावल्या वेळावर ठेवलं नाही. लवकरच पैसे उभे केले, पगारी शिक्षक नेमले आणि स्वतः कमिटीत बसले. हा भाग मी आमच्या ग्रुपमध्ये मुद्दाम दोनदा वाचून दाखवला.

सरकारला मुलींचं शिक्षण आपलंही काम आहे असं लिहून द्यायला १८५४ चा वूडचा खलिता यावा लागला. त्याआधीच, नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला होता. पुढे जोतीरावांनी काही वर्षं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्येही शिकवलं. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी स्वतःच ते सांगितलंय. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे जाऊन काम करायला त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि त्यांचं होऊन जायची गरजही वाटली नाही.

आमच्या भागातही नंतर मिशनरी आले. १८९३ मध्ये चार्ल्स रीव्ह या माणसाने ऑस्ट्रेलिया-टास्मानियातून माणसं जमवून पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन काढलं. भोर संस्थानात, पंतसचिवांच्या राज्यात, नसरापूरला त्यांचं ठाणं होतं. नसरापूर म्हणजे चेलाडी फाट्याच्या आत, आपण राजगडला जाताना मिसळ खायला थांबतो ते. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

फॅरारबाई १८३९ नंतर नगर सोडून परत गेल्या नाहीत. २५ जानेवारी १८६२ ला तिथेच गेल्या, वय ६६. मधली दोन वर्षं सोडली तर ३२ वर्षं. त्यांच्याबरोबर एकाच बोटीतून आलेल्या दोन जोडप्यांमधल्या पुरुषांची नावं मिशनच्या इतिहासात पानापानावर येतात, बाईंचं शाळांच्या अहवालातल्या एखाद्या परिच्छेदात येतं. अमेरिकन मराठी मिशनची मुलींची शाळा नगरला आजही भरते. तिचं नाव क्लारा ब्रूस गर्ल्स हायस्कूल, म्हणजे नाव नंतर आलेल्या दुसऱ्याच बाईंचं. मागच्या हिवाळ्यात कामासाठी नगरला गेलो होतो तेव्हा फाटकापर्यंत जाऊन आलो. शाळा सुटायची वेळ होती, सायकली आणि रिक्षांनी रस्ता असा भरला होता की माझी गाडी वीस मिनिटं तिथेच अडकली.